पत्त्यावरची पट्टी

शिवणयंत्रांचे सुटे भाग पार्सलने पाठवणाऱ्या एका कंपनीत पॅकिंग खात्याचे जे प्रमुख होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध स्वतः शिकून बाहेर पडण्यापुरताच आला होता. पण सुयांची पुडी कशी बांधावी, बॉबिन मोजताना बोट कुठे ठेवावं, खोका हलवून आतला आवाज कसा ऐकावा, हे ते नव्या माणसाकडून इतकं घोटून घेत की नाव आपोआप पडलं. पाठीमागे त्यांना पट्टीमास्तर म्हणत. तेही त्यांना ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं.

पॅकिंगची खोली लांबट होती. एका बाजूला तीन खिडक्या, मधोमध जोडून ठेवलेली दोन टेबलं, त्यांवर जस्ताचा पत्रा. एका टोकाला लेबलं छापायचा प्रिंटर, दुसऱ्या टोकाला वजनकाटा. दिवसाला पावणेदोनशे पार्सलं निघत आणि चार वाजता कुरियरची गाडी दाराशी लागे. गाडीवाला हॉर्न वाजवायच्या आत शेवटचं पार्सल उंबऱ्याशी आलेलं असलं पाहिजे, हा मास्तरांचा दंडक. गाडीवालाही हट्टी होता. मास्तरांना एकदा तरी गाठायचं म्हणून तो कधीकधी पाच मिनिटं लवकर येई. आजवर त्याला ते साधलं नव्हतं.

मास्तर इथे लागले ते अक्षराच्या जोरावर. तेव्हा पत्ते हाताने लिहायचे असत. खाकी कागदावर टाकाने, ठळक, एका रेषेत. पहिल्याच वर्षी एक पार्सल कुठेतरी ओल्या जागी पडलं, शाई पसरली, आणि तीन आठवडे भटकून ते होतं तिथे परत आलं. जुन्या मालकांनी मास्तरांना बोलावलं. रागावले नाहीत. पार्सल टेबलावर ठेवलं, मास्तरांकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागले. मास्तरांना ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. त्या संध्याकाळी त्यांनी पारदर्शक चिकटपट्टी आणवली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पत्त्यावर पट्टी चढू लागली. दोन आडव्या, कडा एकमेकींवर दोन बोटं, आणि वरून अंगठ्याने दाबून बुडबुडा काढलेला. पुढच्या चौतीस वर्षांत पत्ता वाचता आला नाही म्हणून एकही पार्सल परत आलं नाही. कोणाच्या गाठीशी घर असतं, कोणाच्या जमीन. मास्तरांच्या गाठीशी हे होतं.

पुढे संगणक आला आणि त्याच्या मागोमाग थर्मल लेबलं आली. या कागदाला शाई लागत नाही. प्रिंटरच्या आत एक गरम पट्टा असतो, कागद त्याच्याखालून गेला की जिथे ऊब लागेल तिथे काळा होतो. मास्तरांनी हे सगळं समजून घेतलं आणि नापसंत केलं. जे शाईवाचून उमटतं ते टिकेल कशावरून, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी पट्टीचा नियम आणखी कडक केला. छापील लेबल चिकटलं की लगेच वरून पट्टी. प्रिंटरवर बसणारी छपाईवाली हुशार होती. एकदा ती म्हणाली होती की लेबल मुळातच चिकटतं, वर पुन्हा पट्टी म्हणजे सदऱ्यावर सदरा. मास्तरांनी तिला जुन्या पार्सलाची गोष्ट सांगितली. ती गोष्ट खोलीत सगळ्यांनी किमान चारदा ऐकलेली होती, त्यामुळे विषय तिथेच संपला.

जुना लेबलवाला धंदा बंद करून मुलाकडे राहायला गेला, तेव्हा नव्याचा शोध सुरू झाला आणि मास्तरांच्या मेहुण्याने डोकं वर काढलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वय चव्वेचाळीस, पण मास्तरांच्या लेखी अजून ‘तो मुलगा’च. त्याने आधी छत्र्या विकल्या होत्या, मग पाण्याच्या टाक्या धुऊन द्यायचं काम केलं होतं, मग काही दिवस काहीच केलं नव्हतं. आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने एक यंत्र बसवलं होतं. कागद कारखान्यातून लेबलांचे मोठे रोल यायचे, ते कापून त्यांचे छोटे करून तो विकायचा. हे काम मात्र त्याला मानवलं होतं. मास्तरांच्या शब्दावर मालकीणबाईंनी, म्हणजे जुन्या मालकांच्या मुलीने, त्याला काम दिलं आणि आसपासच्या आणखी चार कंपन्यांना त्याचं नाव सुचवलं. मेहुण्याची एकूण गिऱ्हाइकं सात. त्यातली पाच अशी या एका दारातून आलेली.

लेबल कोणतं घ्यायचं हे ठरलं मास्तरांच्या घरी, चहाच्या टेबलावर. मेहुण्याने नमुने मांडले. एक साधं. दुसरं लेप दिलेलं, म्हणजे छपाईच्या थरावर एक पातळ संरक्षक थर, तेल, पाणी, घासणं सोसणारा. तिसरं रिबन लावून छापायचं, वर्षानुवर्षं टिकणारं, पण त्याला प्रिंटरच वेगळा लागतो. तिसरं त्याने स्वतःच बाजूला सारलं. पार्सल पोचलं की लेबलाचं काम संपतं, त्याला वर्षं कशाला टिकवायचं, असं म्हणाला. मग त्याने लेपाचं लेबल पुढे केलं. तुमच्याकडे यंत्राच्या तेलाचे हात असतात, माल लांब जातो, म्हणून हेच घ्या. जुनं लेबलही याच जातीचं होतं.

मास्तरांनी दोन्हींवर नख ओढून पाहिलं. आठ महिन्यांनी ते निवृत्त होणार होते आणि जाताना एखादी फाजील गोष्ट कमी करून जावी असं त्यांच्या मनात होतं.

“वरून आमची पट्टी असतेच,” ते म्हणाले. “तुझा लेप कशाला हवा?”

मेहुण्याने पुन्हा एकदा लेपाची बाजू मांडायला सुरुवात केली, तेव्हा मास्तरांनी त्याला रोल कापायचं काम तुझं, पार्सलाचं माझं, अशी वाटणी करून दिली. बहिणीने भावाकडे पाहून गप्प बसायची खूण केली. साधं लेबल ठरलं.

जुने रोल संपायला सहा आठवडे लागले. मग नवे लागले. आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी एक पार्सल परत आलं.

मास्तरांना आधी वाटलं, गिऱ्हाईक घर बदलून गेलं असेल. पण कुरियरचा शिक्का वेगळं सांगत होता : पत्ता वाचता येत नाही. लेबल पट्टीखाली जसंच्या तसं होतं. कुठे फाटलं नव्हतं, भिजलं नव्हतं. फक्त अक्षरं गेली होती. उजेडाकडे तिरकं धरलं की फिकट तपकिरी खुणा दिसायच्या, बारकोडाच्या जागी तर धुरकट डाग. पुढच्या आठवड्यात नऊ आली. त्याच्या पुढच्या आठवड्यात एक्केचाळीस. सगळी लांबच्या पल्ल्याची, दहाबारा दिवस वाटेत असणारी. जवळची पार्सलं तीन दिवसांत पोचून मोकळी होत होती. परत आलेली एक्केचाळीस भिंतीशी रचली, तेव्हा गाडीवाला म्हणाला की हल्ली तुमच्याकडे नेण्यापेक्षा आणण्याचंच काम जास्त आहे. मास्तर त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

सोमवारी मालकीणबाईंनी बोलावलं. त्या थोडं आणि मुद्द्याचं बोलत. लेबल खराब असेल तर लेबलवाला बदलायचा, म्हणाल्या, आणि ज्या चार कंपन्यांना आपण त्याचं नाव दिलं त्यांनाही पत्राने कळवायचं. आपल्या शब्दावर त्यांनी माल घेतला आहे, त्यांना अंधारात ठेवता येणार नाही. शनिवारपर्यंत काय ते सांगा.

“तो तुमच्या घरातला आहे हे मला माहीत आहे, मास्तर. म्हणूनच तपास तुम्ही करा म्हणते आहे. दुसऱ्याने केला तर तुमच्या मनात राहील.”

मास्तर बाहेर आले ते जरा हलके होऊन. दोष कोणाचा हे त्यांच्या मनात पक्कं होतं. त्यांनी जिन्यातूनच मेहुण्याला फोन लावला आणि जे बोलू नये तेही बोलले. छत्र्या काढल्या, टाक्या काढल्या. ज्याने आयुष्यात एक गोष्ट धड केली नाही त्याच्या भरवशावर मी माझं नाव टांगलं, असं म्हणाले. मेहुणा शेवटी एवढंच बोलला :

“भावोजी, खराब म्हणायचं तर म्हणा. पण सिद्ध करून म्हणा. माझ्या शेडमध्ये पाच माणसांचं पोट आहे.”

मास्तरांना हे आव्हान आवडलं. सिद्ध करणं हा त्यांचा प्रांत होता. त्याच दुपारी त्यांनी नव्या रोलमधून आठ लेबलं छापून घेतली, एकच पत्ता, एकच बारकोड, आणि आठ रिकाम्या खोक्यांवर लावली. प्रत्येकाखाली पेनाने क्रमांक. पहिला खोका उन्हाच्या खिडकीत. दुसरा चहाच्या किटलीशेजारी. तिसऱ्या लेबलावर यंत्राच्या तेलाचं बोट, चौथ्यावर ओलं फडकं. पाचवं पन्नास वेळा पुठ्ठ्यावर घासलेलं. सहावं कपाटातल्या अंधारात. सातव्याला काहीच नाही. आणि आठव्यावर पट्टी, पण फक्त डाव्या अर्ध्या भागावर. हे आठवं त्यांनी मुद्दाम केलं होतं. आम्ही पॅकिंगवाले किती काळजी घेतो आणि तरी हा कागद कसा दगा देतो, हे बाईंना एका नजरेत दिसावं म्हणून. उजवी बाजू आधी जाईल, डावी त्यामानाने तग धरेल, असा त्यांचा हिशेब होता.

बुधवारी उन्हातलं लेबल किंचित पिवळसर झालं. किटलीजवळचं करडं पडलं, पण वाचता येत होतं. तेलाचं बोट लागलं होतं तिथली दोन अक्षरं पुसट झाली. बाकीची ठणठणीत. आठव्याकडे मास्तरांनी पाहिलं आणि खोका फिरवून ठेवला. उजेडाचा दोष असेल. गुरुवारी त्यांनी पट्टीचं दुसरं बंडल काढलं, वेगळ्या बनावटीचं, आणि नववा खोका तयार केला. शुक्रवारी सकाळी आठव्या खोक्याशी छपाईवाली उभी होती.

“मास्तर, अर्धं गेलं,” ती म्हणाली.

गेलं होतं ते डावं अर्धं. पट्टीच्या कडेला फूटपट्टीने आखावी तशी सरळ रेघ होती. रेघेच्या उजवीकडे काळाभोर पत्ता, डावीकडे जवळजवळ कोरा कागद. घराचा क्रमांक शिल्लक, माणसाचं नाव नाही. नवव्यावरही तेच सुरू झालं होतं. पट्टीच्या चिकातलं काहीतरी साध्या कागदाचा काळा रंग हळूहळू खात होतं. जुन्या लेबलांवर लेप होता म्हणून तो चीक आत पोचला नव्हता.

मास्तर स्टुलावर बसले. त्यांनी तिला विचारलं, हे तुला आजच दिसलं का. तिने प्रिंटरचं झाकण उगाच उघडून पुन्हा लावलं.

“परत आलेल्या एका पार्सलाची पट्टी कडेला सुटली होती. तिथलं एक अक्षर काळं होतं. तेव्हाच शंका आली होती. पण पट्टीबद्दल तुम्हाला कोण सांगणार?”

यात टोमणा नव्हता. ती वस्तुस्थिती सांगत होती, आणि मास्तरांना ते कळत होतं.

त्या संध्याकाळी मास्तर घरी आले, हातपाय धुतले आणि वर्तमानपत्र घेऊन बसले. पान उलटलं नाही. बायको समोर कपड्यांच्या घड्या घालत होती. आठवडाभर तिने या विषयावर अवाक्षर काढलं नव्हतं. एकीकडे नवरा, दुसरीकडे पाठचा भाऊ, बोलावं तर कोणाच्या बाजूने. आता तिने सांगितलं की भावाने मंगळवारपासून यंत्र बंद ठेवलंय. खराब माल कापून आणखी लोकांना कशाला देऊ, उत्तर येईपर्यंत थांबतो, असं म्हणतोय.

मास्तर हूं म्हणाले. त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. नवी लेबलं जुन्यांपेक्षा कमी प्रतीची होती हे काही खोटं नव्हतं. उद्या बाईंना एवढंच सांगितलं, की हा कागद टिकत नाही, लेपाचा घ्या, दुसऱ्याकडून घ्या, तरी शब्दाला शब्द खरा होता. लेपाचं लेबल आलं की वरच्या पट्टीने काही बिघडणार नव्हतं. पार्सलं परत यायची थांबली असती. पाच महिन्यांनी हार घालून घेऊन घरी यायचं. आठवा आणि नववा खोका चपटा करून रद्दीत टाकायला दोन मिनिटं लागली असती. छपाईवाली बोलली नसती. ती आधीही बोलली नव्हती.

“काय निघालं?” बायकोने विचारलं.

“बघतोय अजून,” मास्तर म्हणाले.

तिने शेवटची घडी घातली. “तो चुकला असेल तर त्याला तसं सांगा. मी मध्ये पडणार नाही. फक्त आधी माझ्या तोंडावर सांगा, बाहेरून कळायला नको.”

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. तोंड उघडलं तेव्हा काय बोलणार हे त्यांचं ठरलेलं नव्हतं. “तो नाही चुकला,” ते म्हणाले, आणि एकदा ते वाक्य बाहेर पडल्यावर बाकीचं आपोआप आलं. चहाच्या टेबलावर त्याने लेपाचं घ्या म्हटलं होतं हेही त्यांनी सांगून टाकलं, जणू ती तिथे नव्हतीच. तिने सगळं ऐकून घेतलं आणि घड्यांचा ढीग उचलून आत गेली. थोड्या वेळाने आतून विचारलं, जेवायला वाढू का.

शनिवारी साडेदहाला मास्तर आठवा खोका काखेत मारून मालकीणबाईंच्या खोलीत गेले. खोका टेबलावर ठेवला, रेघ त्यांच्याकडे करून.

“बाई, लेबलवाल्याचा दोष नाही. त्याने लेपाचं सुचवलं होतं, मी साधं घेतलं. आणि साध्यावर पट्टी लावायचा नियम माझा. अक्षरं पट्टीने खाल्ली.”

बाईंनी खोका हातात घेतला. रेघेवरून बोट फिरवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की अशी पट्टी लावलेली किती पार्सलं या क्षणी वाटेत आहेत. मास्तरांनी आकडा काढून आणला होता. लांबची सहाशे बारा. मग पुढचा अर्धा तास दोषाबद्दल कोणीच बोललं नाही. सहाशे बारा पत्त्यांची यादी कुरियरच्या कचेरीकडे पाठवायची, प्रत्येक पार्सलाच्या क्रमांकासह, म्हणजे अक्षरं गेली तरी माल ओळखता येईल. पार्सलाचा क्रमांक खोक्याच्या तळाशीही खडूने लिहिलेला असे. तोही मास्तरांचाच नियम, आणि तो कामाला आला. यादी आजच जायला हवी होती, सोमवारी नाही. दुपारपासून पट्टी बंद.

मास्तर उठले तेव्हा बाई म्हणाल्या, “त्या चार कंपन्यांना पत्र जाणारच आहे. फक्त मजकूर बदलेल. त्यांच्यातही कोणी साध्या लेबलावर पट्टी लावत असेल.” मग कोरे कागद पुढे करत, “तुम्ही लिहा. सही तुमचीच हवी, माझी सही पाहून ते पुन्हा कारण विचारत बसतील.”

मास्तरांनी पत्र हाताने लिहिलं. आमच्या पॅकिंग विभागात माझ्या सूचनेवरून साध्या थर्मल लेबलांवर चिकटपट्टी लावली जात होती, त्यामुळे छपाई नाहीशी झाली, लेबल पुरवणाऱ्याचा यात काही दोष नाही, त्याने योग्य सल्ला दिला होता. खाली नाव, हुद्दा, तारीख. या चारांपैकी दोन कंपन्यांचे पॅकिंगप्रमुख मास्तरांच्याच हाताखाली शिकून गेलेले होते. सोमवारी हे पत्र त्यांच्या हातात पडेल, आणि मंगळवारपर्यंत साऱ्या औद्योगिक वसाहतीत चहाबरोबर घेतलं जाईल, हे मास्तरांना न सांगता कळत होतं. त्यांनी चौथी प्रत लिहून झाल्यावर पाचवी लिहिली, ती घडी करून खिशात ठेवली.

ती घेऊन ते संध्याकाळी मेहुण्याच्या शेडवर गेले. यंत्रावर फडकं टाकलेलं होतं. कापलेल्या कागदाचे पातळ काठ जमिनीवर गुंतवळीसारखे पडले होते. मेहुण्याने बसायला खुर्ची दिली, स्वतः रोलच्या गठ्ठ्यावर बसला आणि पत्र वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“तुम्ही फोनवर मला जे बोललात, छत्र्या आणि टाक्या, ते यात नाही,” तो म्हणाला.

“ते पत्रात लिहायचं नसतं. समोर येऊन मागे घ्यायचं असतं. म्हणून आलो.”

मेहुण्याने पत्र घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं, उठून यंत्रावरचं फडकं काढलं आणि पात्यावरची धूळ झटकली. मास्तरांनी आपली वही काढली. सोमवारपासून लेबलं लागतील, ते म्हणाले, कोणती देतोस.

“तुम्ही म्हणाल ती, भावोजी.”

“मी नाही. तू सांग.”

मेहुण्याने सांगितलं. लांबच्या मालाला लेपाची, जवळच्याला साधी चालतील, पण पट्टीचा स्पर्श होता कामा नये. आणि रोल उन्हाच्या खिडकीखाली रचू नका, कपाटात ठेवा. मास्तरांनी एकेक गोष्ट लिहून घेतली, खाली तारीख घातली, आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं.